पिवळ्या मीटरची बाजू

“तुमचा मीटर प्रमाणित आहे का?”

प्रश्न सभ्य आहे, शास्त्रीयही आहे. माझी तक्रार प्रश्नाबद्दल नाही, तो ज्या कामाला लावला जातो त्याबद्दल आहे. बहुतेक वेळा तो उत्तर मिळवण्यासाठी विचारलेला नसतो. समोरच्याने हातातला कागद घडी घालून खिशात ठेवावा, एवढ्यासाठी विचारलेला असतो.

माझं गाव इस्लापूर, तालुका किनवट, जिल्हा नांदेड. सहस्रकुंडचा धबधबा बघायला आला असाल तर आमच्या गावाजवळूनच गेलात. मी आता पुण्यात असतो, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी सोल्डरिंग आयर्न तापवतो. मागच्या रब्बीत काकांनी विहिरीवरची मोटार पुन्हा भरायला टाकली. दोन वर्षांतली तिसरी वेळ. मोटार भरणारा म्हणाला, “लाईटच कमी यायलीय, मोटार काय करंल बिचारी?” हे वायरमनला माहीत होतं, त्या डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांना माहीत होतं. आकडा मात्र कुणाकडेच नव्हता.

म्हणून मी एक पेटी बनवली. व्होल्टेज, करंट, पॉवर मोजणारं पीझेम-००४टी नावाचं चिनी मॉड्यूल, एक ईएसपी८२६६ बोर्ड, मेमरी कार्ड, फ्यूज आणि वर प्लास्टिकचा डबा. मॉड्यूल ५ व्होल्टच्या हिशोबाने केलेलं, बोर्ड ३.३ व्होल्टचा, त्यामुळे दोघांचं बोलणं जमवायला मॉड्यूलवर एक रेझिस्टर वाढवावा लागला. खर्च हजार रुपयांच्या आत-बाहेर. पेटी दर मिनिटाला आकडा लिहून ठेवायची. ज्या आठवड्यात रात्रीची लाईट असायची, त्या आठवड्यात सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की फेज आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज १६५ ते १७५ वर येऊन बसायचं आणि पहाटेपर्यंत तिथेच राहायचं.

त्याचा आलेख छापून आम्ही एका कार्यालयात गेलो. कुठल्या ते लिहीत नाही, कारण मुद्दा त्या साहेबांचा नाही. साहेब चांगले होते. त्यांनी कागद नीट बघितला, चहा सांगितला, आणि मग तो प्रश्न विचारला. काका लगेच उठायला लागले. “चल बाबा, आपलं खेळणं हाय.”

खेळणं नाही. ते का नाही, ते आता इथे सविस्तर लिहितो.

‘प्रमाणित’ या शब्दाभोवती आपण उगाच धूप फिरवतो. मीटर प्रमाणित करणं म्हणजे त्याच्यापेक्षा चांगल्या मीटरशी त्याची तुलना करणं आणि दोघांतला फरक लिहून ठेवणं. तो चांगला मीटर त्याहून चांगल्याशी ताडलेला असतो, तो त्याहून चांगल्याशी, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते, जिथे देशाची मोजमापाची मूळ मानकं सांभाळली जातात. या साखळीच्या कुठल्याही कडीवर ‘चूक शून्य’ असं लिहिलेलं नसतं. प्रत्येक कडीवर चूक किती, तेच लिहिलेलं असतं. म्हणजे मीटर प्रमाणित आहे का, या प्रश्नाचं खरं रूप ‘तुमच्या मीटरची चूक किती?’ असं आहे. त्याला हो किंवा नाही असं उत्तर नसतं, आकडा असतो.

आता देशातला सगळ्यात बदनाम मीटर घेऊ. डीटी-८३०डी. तुम्ही तो बघितलेला आहे: पिवळा, मधे मोठी गोल चकती, खाली तीन भोकं, दीड-दोनशे रुपयांना मोबाईलच्या दुकानातही मिळतो. त्याच्या माहितीपत्रकात एसी व्होल्टेजची अचूकता दिलेली असते ±१.२ टक्के, ±१० अंक. घरातलं व्होल्टेज मोजायला जी रेंज लागते, तिच्यात एक अंक म्हणजे एक व्होल्ट. २३० व्होल्टचे १.२ टक्के म्हणजे पावणेतीन, त्यात दहा मिळवा. चूक साधारण १३ व्होल्ट.

दुसऱ्या बाजूला १९५६चे भारतीय वीज नियम काढा. त्यातल्या नियम ५४ मध्ये कमी दाबाच्या ग्राहकासाठी ६ टक्क्यांची मुभा होती. २३०चे ६ टक्के म्हणजे १३.८ व्होल्ट. पुरवठादाराला जेवढी सूट, तेवढीच या मीटरची चूक. म्हणून पिवळ्या मीटरवर २१० दिसत असेल तर कार्यालयात जाऊ नका, तुम्ही हराल आणि हरलंच पाहिजे.

पण त्याच मीटरवर १६५ दिसत असेल तर? चूक बारा व्होल्टची धरली, आणि ती सगळीच्या सगळी पुरवठादाराच्या फायद्याची धरली, तरी खरं व्होल्टेज १७७च्या वर जात नाही. नियमाची खालची मर्यादा २१६. मधल्या ३९ व्होल्टचं काय करायचं? त्यासाठी कुठलं प्रमाणपत्र लागतं? आणि आमची पेटी तर पिवळ्या मीटरहून कितीतरी बरी होती. मॉड्यूल बनवणाऱ्याचा दावा अर्ध्या टक्क्याचा आहे. तो मी आंधळेपणाने घेतला नाही, नांदेडच्या एका ठेकेदाराच्या चांगल्या मीटरशी वेगवेगळ्या व्होल्टेजवर ताडून बघितला. फरक कुठेही दोन व्होल्टच्या वर गेला नाही.

तेवढ्यात मोटारीचं काय होतं तेही सांगतो, कारण ‘थोडी लाईट कमी आहे’ या वाक्यात ते लपतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३०च्या जागी १६५ आले की जोर जवळजवळ निम्मा होतो. पाणी तेवढंच उचलायचं असतं, मग मोटार हळू फिरते, जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. नंतर कुणीतरी म्हणतं, भरणाऱ्याने तार हलकी वापरली.

आता तो पिवळा मीटर उघडा. मागचे दोन स्क्रू काढायचे, पण आधी वायरी काढून. आत हिरव्या बोर्डावर काळ्या डांबराचा एक ठिपका दिसेल. त्याच्याखाली आयसीएल७१०६ या जुन्या चिपच्या घराण्यातली चिप आहे. तिची युक्ती मला आजही सुंदर वाटते. अनोळखी नळाखाली ठरावीक वेळ घागर धरायची, मग ओळखीच्या तोटीने ती रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. घागर म्हणजे एक कॅपॅसिटर, ओळखीची तोटी म्हणजे आतला १०० मिलिव्होल्टचा संदर्भ, वेळ म्हणजे स्क्रीनवरचा आकडा, जो १९९९पर्यंत जातो. तो संदर्भ जागेवर ठेवण्यासाठी बोर्डावर एक इवलासा प्रीसेट असतो. चांगला मीटर शेजारी ठेवा, ओळखीची बॅटरी मोजा, बारीक स्क्रूड्रायव्हरने प्रीसेट फिरवा. कारखान्यात कुणीतरी घाईघाईत जे केलं ते तुम्ही निवांत केलंत, एवढाच फरक.

आत बघितल्यावर या मीटरवर कुठे विश्वास ठेवायचा नाही हेही कळतं. १० अँपिअरच्या भोकामागे बहुतेक वेळा फ्यूजच नसतो, नुसती जाड तार असते. बाहेरच्या वायरींचं आवरण इतकं पातळ की मी त्या पहिल्याच दिवशी बदलतो. म्हणून हा मीटर थ्री-फेज स्टार्टरच्या पेटीत घालायचा नाही, कितीही ओळखीचा असला तरी. आणि याचा इनपुट एक मेगाओमचा असतो, चांगल्या मीटरचा दहाचा. नाजूक सर्किटला हा लावला की तो स्वतःच थोडं व्होल्टेज पिऊन टाकतो आणि कमी आकडा दाखवतो.

एक गंमत अशी, की एसी मोजताना हा मीटर वीज खरोखर मोजतच नाही. एका डायोडमधून तिची सरासरी काढतो आणि ‘ही साइन वेव्हच असणार’ असं गृहीत धरून तिला गुणतो. आता आमच्याकडच्या स्वस्त इन्व्हर्टरची पायरीसारखी वेव्ह घ्या. ३२५ व्होल्टची पायरी, निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद. तिचं खरं व्होल्टेज येतं २३०. हा मीटर दाखवतो १८०. किती धडधाकट इन्व्हर्टर या ५० व्होल्टपायी उघडले गेले असतील, किती जणांनी ‘बोर्ड गेलाय’ म्हणून पैसे दिले असतील, याचा हिशोब कुणीच ठेवलेला नाही. मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही. मीटरच्या पोटात काय आहे, हे त्याला कधी कुणी दाखवलं?

आणि मला तरी कुणी दाखवलं? मराठवाड्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी चार वर्षं काढली. लॅबमध्ये सीआरओ होते. एका सीआरओभोवती वीस जण, नॉब फिरवायचा अधिकार लॅब असिस्टंटचा. ट्रेनर किट म्हणजे बंद पेटी: वर सर्किटची छापील आकृती, खाली भोकं, आपण पॅचकॉर्ड खोचायच्या. पेटी उघडायची नाही, कारण तिच्यावर डेड स्टॉकचा नंबर आहे. रीडिंग मागच्या वर्षीच्या फाईलमधून यायची आणि त्यांचा आलेख खऱ्या मोजमापापेक्षा सुरेख असायचा, त्यामुळे मार्कही सुरेख. व्हायव्हाला लीस्ट काउंटची व्याख्या विचारत. ‘या टेबलावरच्या, या मीटरची चूक किती?’ असं चार वर्षांत एकाही मास्तराने विचारलं नाही. ते साहेबही बहुधा अशाच एखाद्या लॅबमधून बाहेर पडले असतील. त्यांनी शिकलेलाच प्रश्न विचारला.

इथे मित्र मला थांबवतात. म्हणतात, ठीक आहे, मग बरा मीटर घे, बरा ऑसिलोस्कोप घे, ही खोलाखोल कशाला?

तर बऱ्या ऑसिलोस्कोपची गोष्ट ऐका. रिगोल या चिनी कंपनीचा डीएस१०५२ई नावाचा ऑसिलोस्कोप होता, ५० मेगाहर्ट्झचा. त्याचा मोठा भाऊ डीएस११०२ई, १०० मेगाहर्ट्झचा, किंमत अर्थातच जास्त. २०१०च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या डेव्ह जोन्स या इंजिनिअरने आपल्या व्हिडिओ ब्लॉगवर दाखवून दिलं, की दोन्ही भाऊ आतून एकच आहेत. यंत्राच्या मेमरीत मॉडेलचं नाव काय लिहिलंय यावर धाकटा कोण आणि थोरला कोण ते ठरतं. ते नाव बदललं की ५०चा १०० होतो. त्याच खोलाखोलीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. सिग्नलचे आकडे करणाऱ्या ज्या चिप कंपनीने आत बसवल्या होत्या, त्या सेकंदाला ४ कोटी नमुन्यांसाठी विकल्या जाणाऱ्या होत्या, आणि कंपनी त्या १० कोटींवर पळवत होती.

म्हणजे चिप बनवणाऱ्याने आखलेली रेषा कंपनीने ओलांडली तर ती इंजिनिअरिंग, आणि कंपनीने आखलेली रेषा गिऱ्हाइकाने ओलांडली तर ती चोरी. हा न्याय मला मान्य नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं पोकळ नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो, एकाच प्रोग्रॅममध्ये ‘पैसे भरलेत का?’ अशी एक ‘इफ’ची ओळ घालून दोन माल कसे विकतात हे मला रोज दिसतं. महाग मॉडेल घेणाऱ्यांच्या पैशातून स्वस्त मॉडेल शक्य होतं, हेही खरं. पण ऑफिसातल्या टेबलावरचा ऑसिलोस्कोप ही काही महिन्याच्या भाड्याने घेतलेली सेवा नव्हे. त्यातला प्रत्येक ट्रान्झिस्टर मी विकत घेतलाय. तो यंत्र म्हणून कुठवर जातो हे बघण्याचा हक्क माझा आहे. वाढवलेला स्कोप ‘१०० मेगाहर्ट्झचा’ म्हणून दुसऱ्याला विकणं मात्र फसवणूक आहे, कारण त्या मर्यादेवर कंपनीने तो तपासून दिलेला नाही. तपासायची जबाबदारी मग माझी. कायदाही इथे दोन तोंडांनी बोलतो. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ आपल्याकडच्या प्रोग्रॅमचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करायला मुभा देतं, आणि त्याच कायद्यात २०१२ साली कुलूप तोडण्याविरुद्धचं कलम ६५अ घातलं गेलं. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरातली उपकरणं आणि गाड्या ही त्यातली चार क्षेत्रं. चांगलंच आहे. पण दुरुस्ती म्हणजे वस्तू कंपनीने दिली होती तशी करणं. मला त्यापुढचं हवंय, कंपनीने दिली नव्हती तशी करणं.

यावर लगेच कुणीतरी पाठ थोपटतं: वा, काय जुगाड आहे! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी जाड तार बांधणं हा जुगाड, आणि त्या जुगाडाने घरं जळतात. जुगाडात मोजमाप नसतं, ‘चालतंय ना’ एवढंच असतं. मीटरमध्ये बदल करणारा माणूस आधी मोजतो, बदलतो, पुन्हा मोजतो आणि फरक लिहून ठेवतो. बेंगळुरूच्या कंपनीत हेच केलं तर त्याला आर अँड डी म्हणतात. किनवट तालुक्यात केलं की जुगाड. कौतुकाच्या नावाखाली आम्हाला पुन्हा खेळण्यांच्या कपाटात ठेवायचं.

हे काम गंभीरपणे करणारे लोक आहेत. जर्मनीत मार्कुस फ्रेयेक याने एका साध्या मायक्रोकंट्रोलरवर ट्रान्झिस्टर ओळखणारा टेस्टर केला, कार्ल-हाइन्त्स क्युबेलर याने तो वाढवला आणि सगळं खुलं ठेवलं, शंभरावर पानांच्या माहितीसकट. कुठलाही पार्ट कसाही खोचा, तो काय आहे आणि जिवंत आहे का, ते स्क्रीनवर येतं. त्याच्याच चिनी नकला आज आपल्याकडे पाचेकशे रुपयांना मिळतात. आमच्या गावातल्या टीव्ही-मोबाईल मेकॅनिककडे अशी एक आहे. त्यात नवा प्रोग्रॅम टाकून दिला तेव्हा तो म्हणाला, “ह्यात बदल करता येतो, हे सांगाव का न्हाई कुणी?”

आपल्याच देशात, दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने २००४ साली फिनिक्स प्रकल्प सुरू केला. त्यातून एक्सपआइज नावाचं तळहाताएवढं यंत्र आलं. ते संगणकाला जोडलं की ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, व्होल्टमीटर सगळं एकात. सर्किट खुलं, पायथनमधलं सॉफ्टवेअर खुलं. पाबळच्या विज्ञान आश्रमात, जो डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली उभा केला, २००२मध्ये फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची ती पहिली. पुणे जिल्ह्यातल्या एका दुष्काळी गावात! म्हणजे गावात होत नाही, हे कारण २००२ सालीच संपलं.

आणि सरकार पैसे देत नाही असंही नाही. अटल टिंकरिंग लॅबसाठी एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान ठरलेलं आहे, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा आणखी ५० हजार लॅब करण्याची घोषणा झाली. मला त्या लॅबच्या यादीतल्या थ्रीडी प्रिंटरबद्दल काही म्हणायचं नाही. मला एवढंच विचारायचंय, की तिथलं किती सामान पोरांना स्क्रू काढून उघडता येणार, आणि किती सामानावर डेड स्टॉकचा नंबर पडणार? मोडलं तर मास्तरांच्या पगारातून कापणार असतील, तर मास्तर कुलूप लावणारच. मीही लावलं असतं. अशा प्रत्येक लॅबला मोडण्यासाठी म्हणून वीस पिवळे मीटर द्या. चार हजार रुपयेसुद्धा लागणार नाहीत. मोडले तर हिशोब मागू नका.

आणि साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर कायमचं द्यायचं असेल तर एक काम करता येईल. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये एक चांगला मीटर ठेवा, दरवर्षी प्रयोगशाळेकडून तपासून आणलेला. शेजारी एक व्हेरिॲक, म्हणजे व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करता येईल. आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, दार उघडं. मेकॅनिकने, वायरमनने, शेतकऱ्याने, बारावीच्या पोरीने आपला मीटर, आपली पेटी घेऊन यायचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्रेडची मुलं तो १५०, २००, २३० आणि २५० व्होल्टवर ताडतील. मीटरच्या पाठीवर कागदी पट्टी चिकटवायची, तिच्यावर बॉलपेनने तारीख, चार आकडे, प्रत्येकापुढे फरक, आणि खाली ताडणाऱ्याची सही.